तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्यांची पोस्टकार्डं

"आयर्लंडची जुनी पोस्टकार्डं जमवून तुला काय मिळतं? त्यांचा इतिहास त्यांना जपू दे की." इथे, आयर्लंडच्या कॉर्क शहरात, गणपतीला भेटणारे विचारतात, पुण्याहून फोनवर विचारतात. जमवायचीच तर आपल्या पुण्या-मुंबईची का नाही, असंही. इथले शेजारी आडवळणानं तेच विचारतात. मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि विषय बदलते. आता एकदा पूर्ण सांगते.

मी इथे राहते, मुलं इथल्या शाळेत जातात. ज्या रस्त्यावरून रोज चालायचं त्याचं पूर्वी काय होतं हे जाणून घ्यायला आजोबा-पणजोबा इथलेच असावे लागतात, हे मला पटत नाही. शिवाय या देशाचं दप्तर जळालेलं आहे. ३० जून १९२२ला, यादवी युद्धाच्या तिसऱ्याच दिवशी, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातलं अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ ते १८५१च्या जनगणनांची बहुतेक कागदपत्रं त्यातच संपली. पुढच्या चार जनगणना त्याआधीच सरकारनं नष्ट केल्या होत्या. त्यामुळे १९२२च्या आधीची घराघरातल्या माणसांची नावनिशी सलग मिळते ती १९०१ची आणि १९११ची.

आणि नेमकी १९०२मध्ये टपालखात्यानं कार्डाच्या मागच्या बाजूला मजकूर आणि पत्ता शेजारीशेजारी लिहायला परवानगी दिली. पुढची बाजू चित्राला मोकळी झाली. अर्ध्या पेनीच्या तिकिटात कार्ड जायचं आणि लोक भरभरून लिहू लागले. कोण कुठे राहत होतं हे जनगणना सांगते. ती माणसं एकमेकांना काय सांगत होती, हे त्याच दशकातली कार्डं सांगतात. कुणाला हे किरकोळ वाटत असेल तर मला खरंच समजत नाही.

सुरुवातीला मला मागच्या बाजूशी देणंघेणं नव्हतं. मला चित्रं हवी असायची. डब्लिनच्या विल्यम लॉरेन्सच्या स्टुडिओसाठी रॉबर्ट फ्रेंच देशभर फिरून फोटो काढायचा, आणि ते फोटो कार्डांवर छापले जायचे. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६च्या उठावात लॉरेन्सचं दुकान लुटलं गेलं आणि जळालं. फोटो तेव्हा काचेच्या निगेटिव्हवर असायचे. आत ठेवलेल्या, माणसांच्या फोटोंच्या काचा गेल्या; गावांच्या आणि रस्त्यांच्या काचा डब्लिनच्याच रॅथमाइन्स भागात होत्या म्हणून वाचल्या. १९४३मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयानं सुमारे चाळीस हजार काचा ३०० पौंडांना घेतल्या. भिंग घेऊन कार्डावरच्या दुकानाची पाटी वाचायची, ते नाव १९०१च्या जनगणनेत शोधायचं, दुकानदाराला मुलं किती आणि वर भाड्यानं कोण राहतं ते पाहायचं. यात माझ्या रात्री गेल्या आहेत.

आमच्या कॉर्कच्या पॅट्रिक स्ट्रीटचं कार्ड घ्या. फादर मॅथ्यूच्या पुतळ्यापाशी विजेची ट्राम दिसते, म्हणजे फोटो १८९८च्या अखेरीनंतरचा. डाव्या-उजव्या इमारती पाहून तो ११ डिसेंबर १९२०च्या रात्रीआधीचा आहे हेही कळतं, कारण त्या रात्री ब्रिटिश दलांनी शहराचा मध्यभाग पेटवला. गॉलवेच्या क्लाडामधली गवती छपरांची कोळ्यांची घरं १९३०च्या दशकात पाडली गेली. ती वस्ती कशी होती हे पाहायला आज शेकडो कार्डं आहेत.

पण चित्र फसवतंही. जुन्या काचेवरून वर्षानुवर्षं कार्डं निघायची, त्यामुळे शिक्का १९१०चा आणि फोटो त्याच्या कितीतरी आधीचा, असं सर्रास होतं. ज्यांनी ते गाव पाहिलंही नाही अशा कारागिरांनी कित्येक कार्डांत रंग भरले. पुढे पन्नास-साठच्या दशकांत जॉन हाइंडच्या कार्डांवर तर नको ते झाकायला ऱ्होडोडेंड्रॉनच्या फांद्या पुढे धरल्या जायच्या. पूर्वीची मी म्हणायची, तरीही पाटी ती पाटीच. ते आजही मान्य आहे. मन मागच्या बाजूकडे वळलं ते एका लिलावानंतर.

एका हॉटेलात लिलाव होता. आदल्या दिवशी वस्तू हाताळून पाहता येतात. तिथे एक अल्बम होता. किंग्सटाउनला, म्हणजे आजच्या डन लिअरीला, एका घरी कामाला राहिलेल्या मुलीच्या नावे आलेली कार्डं, तिनं स्वतः क्रमानं लावलेली. बहुतेक तिच्या बहिणीची, क्लेअर परगण्यातल्या एनिसटायमनहून. आईचं बरं आहे. टर्फ, म्हणजे चुलीत जाळायची वाळलेली दलदलीची माती, घरी आणून झालं. शेजारचा म्हातारा गेला, रात्रभर माणसं होती. बाजारात वासराला भाव आला नाही. मग क्वीन्सटाउनहून, म्हणजे कॉर्कजवळच्या आजच्या कोव्ह बंदरातून, एक: उद्या बोट आहे, आईला तूच आता लिहीत जा. पान उलटलं की बॉस्टन.

मी तिथे खुर्चीवर बसून ते वाचलं आणि फोनवर १९११ची जनगणना उघडली. पत्ता होताच. घरमालकाच्या कुटुंबाखाली शेवटच्या ओळीत ती सापडली: नोकर, अविवाहित, वाचता-लिहिता येतं, जन्म क्लेअर, भाषा आयरिश आणि इंग्रजी. सरकारी तक्त्यात तिच्या वाट्याला एवढीच एक ओळ. बाकी सगळी ती त्या अल्बममध्ये होती.

दुसऱ्या दिवशी मी बोली लावली आणि माझी ऐपत संपेपर्यंत लावत राहिले. अल्बम एका व्यापाऱ्याला गेला.

काही आठवड्यांनी कार्डांच्या मेळाव्यात मला तेच अक्षर दिसलं. अल्बम फोडला होता. एनिसटायमनचा मुख्य रस्ता 'क्लेअर'च्या खोक्यात. १९६१मध्ये बंद पडलेल्या वेस्ट क्लेअर रेल्वेचं स्टेशन 'रेल्वे'त, सगळ्यांत महाग. क्वीन्सटाउनचं बोटीचं कार्ड बोटींचा संग्राहक सकाळीच घेऊन गेला होता. गुलाबांची, नाताळची, वाढदिवसाची कार्डं मात्र एकेका युरोच्या खोक्यात लोटलेली, कारण त्यांच्यावर गाव नाही, आणि गाव नसलं तर संग्राहकांना ते नको असतं. टर्फची बातमी गुलाबाच्या मागे होती. म्हातारा गेल्याची बातमीही. मी उभ्या उभ्या अक्षर ओळखत ते खोकं उपसलं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. व्यापारी भला माणूस. त्यानं मला स्टूल दिलं आणि खोकं पुढे सरकवलं.

त्याचा दोष काढायला गेलं तर माझा हात अडतो. या व्यापाऱ्यांना भाव मिळाला नसता तर घर रिकामं करताना असले अल्बम सरळ कचऱ्यात गेले असते, आणि जातातही. खोक्यांची ती विभागणी माझ्यासारख्यांसाठीच आहे. मीही मेळाव्यात शिरले की आधी 'कॉर्क' शोधते. तरीही ते कार्ड तिथे आणि हे इथे, हे सहन होत नाही. दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी मानते, तुम्हाला विसंगत वाटल्या तरी.

म्हणून आता मी अल्बम फुटलेले असले तरी अक्षरावरून जुळवते. चित्र साधं असलं तरी घेते. कधी एखादं मुंबईचं किंवा देवळालीचंही हाती येतं, इथल्या कुणा शिपायानं आईला पाठवलेलं. मग मला फोन करून 'आपला काय संबंध' म्हणणाऱ्यांची आठवण होते.

राहिला प्रश्न हे कुणाचं. नवरा म्हणतो, त्या बहिणींचे नातलग क्लेअरमध्ये किंवा बॉस्टनमध्ये सापडतील, देऊन टाक. परगण्याच्या ग्रंथालयात ठेव, असं माझी मैत्रीण म्हणते; तिथे ती एकत्र राहतील. दोघांचंही बरोबर आहे. पण नातलगांना दिलं तर पुढच्या पिढीत पुन्हा लिलाव होणार नाही कशावरून? आणि ग्रंथालयात द्यायचं तर अर्धा अल्बम द्यायचा? रेल्वेचं कार्ड ज्याच्याकडे गेलं त्याचा पत्ता मी मिळवला आहे. विकत घेऊ का, असं पत्र लिहून ठेवलंय. तो नुसतं स्कॅन देईल, अशी शक्यता जास्त. तेवढ्यावर भागवायचं का, हे माझं अजून ठरलेलं नाही.