तोच किल्ला पुन्हा

१० मे, मालवण

ठाण्याहून सकाळी मांडवी एक्सप्रेस पकडली. रात्रीची गाडी सोडून मुद्दाम दिवसाची घेतली, कारण थोरल्याला बोगदे मोजायचे होते. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, असं बाबाने त्याला मार्चमध्ये सांगितलं होतं. तेव्हापासून कॅलेंडरवर रोज एक फुली पडत होती. रोहा मागे पडल्यावर त्याने वही काढली. प्रत्येक बोगद्याला एक उभी रेघ, पाचव्याला आडवी काट. धाकटी साडेतीन वर्षांची. अंधार झाला की ती माझ्या कुशीत आणि उजेड आला की पुन्हा खिडकीशी.

रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. आत शिरल्यावर बराच वेळ उजेड येईना, तेव्हा थोरला म्हणाला, "आई, हा संपतच नाहीये. याला दोन रेघा मारू?" बाबाने समजावलं, बोगदा एक, तर रेघही एकच. शेवटी त्याने एकच मारली, पण इतरांपेक्षा चांगली लांब. रत्नागिरीनंतर मात्र वही मांडीवर उघडी ठेवूनच तो झोपून गेला. मी जागी होते, तरी पुढचे बोगदे मोजले नाहीत. ती मोजणी त्याची होती.

कुडाळला उतरून तासाभरात मालवण. घरगुती मुक्काम आहे, दोन खोल्या, मागे माड आणि एक रतांब्याचं झाड. घरच्या काकींनी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा रस केला होता. धाकटीने वाटीतला रस संपवला आणि शिरवाळे माझ्या ताटात सरकवले.

११ मे

आज सिंधुदुर्ग किल्ला, आणि आज माझं चुकलं.

निघायलाच साडेदहा झाले. धक्क्यावर गर्दी, होडी भरेपर्यंत उन्हात थांबलो. धाकटीला लाइफ जॅकेट एवढं मोठं झालं की तिची हनुवटीच आत गेली. थोरला मात्र होडीच्या टोकाशी बसून तटाकडे डोळे लावून होता. "दरवाजा कुठाय?" असं त्याने चारदा विचारलं. या किल्ल्याचं हेच मोठं कसब आहे. दोन वळणदार बुरुजांच्या आड दरवाजा असा बसवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दिसला तेव्हा तो उभाच राहिला, नावाड्याने हात धरून त्याला खाली बसवलं.

आत शिरल्यावर चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा पाहिला. थोरल्याने आपला पंजा हवेत धरून मापून पाहिला. पुढे शिवराजेश्वराच्या देवळाकडे निघालो आणि अर्ध्या वाटेत धाकटी गळली. गाल लालबुंद, अंग तापलेलं, मग उलटी. एका झाडाच्या सावलीत बसवलं, ओल्या पंचाने पुसलं, साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्याने पाजलं. सरबत विकणाऱ्या एका बाईंनी आपली खुर्ची तिला दिली आणि पैसे न घेता कोकम सरबताचा पेला हातात ठेवला. होडीवाल्यांनी तसाही तासाभराचाच वेळ दिला होता. आम्ही तिथूनच मागे फिरलो.

परतीच्या होडीत थोरला रडला नाही, काही बोललाही नाही. तट दिसेनासा होईपर्यंत तिकडे पाठ करून बसला. त्याने रडून गोंधळ घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत धाकटीचं अंग निवलं, तिने पेजही खाल्ली. काकी म्हणाल्या, "परत जावा की! किल्लो खय पळान जातलो? पण ह्या उन्हात नको, सकाळी बेगीन जावा."

मुलं झोपल्यावर मी यादी काढली. तारकर्लीला स्नॉर्केलिंग, देवबागचा संगम, वेंगुर्ला, सावंतवाडी, सगळं सहा दिवसांत बसवलेलं. निम्म्याहून जास्त खोडलं. सावंतवाडीची लाकडी खेळणी खोडताना हात जड झाला, ती मला लहानपणापासून आवडतात. पण साडेतीन वर्षांचं मूल बरोबर असताना दिवसाला एकच गोष्ट करायची आणि ती उन्हं चढायच्या आत संपवायची, हे आज पटलं. आणि यादीत एक ओळ वाढवली: १४ तारखेला पुन्हा किल्ला.

१२ मे

दिवसभर कुठेही गेलो नाही. फणस फोडला. चिकाने चारही हात बरबटले, खोबरेल तेलाने काढले.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर दांडीच्या किनाऱ्याला, मोरयाच्या धोंड्याशी गेलो. खडकावर गणपती कोरला आहे, चंद्र-सूर्य आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याचं काम सुरू झालं, त्या वेळची पूजा इथे झाली असं सांगतात. समोर पाण्यात कुरटे बेट, त्यावर अख्खा किल्ला. बाबाने सांगितलं, की इथे उभं राहून महाराजांनी तिकडे बोट दाखवलं असेल, इथे बांधायचा. थोरल्याने बोट केलं. मग बराच वेळ त्याने तटाचे बुरूज मोजले, अंधार पडायला लागला तरी. कालपासून पहिल्यांदा त्याने किल्ल्याचं नाव काढलं. "आई, विहीर राहिली ना आपली?"

मी म्हटलं, परवा.

१३ मे

चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली. पाहिली म्हणजे मुलांनी ओढली.

सहा वाजता गेलो. होडीने जाळं समुद्रात अर्धगोलात टाकून आणलं होतं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर होते. प्रत्येक दोराला पंधरा-वीस माणसं, त्यात म्हातारे, बाया, शाळकरी पोरं. थोडं ओढायचं, मागचा माणूस दोर सोडून पुढे पाण्यात येणार आणि पुन्हा धरणार. एका आजोबांनी थोरल्याला आपल्या पुढे घेतलं आणि दोर कसा धरायचा ते दाखवलं. पाय वाळूत रोवायचे, अंग मागे टाकायचं, हातांनी खेचायचं नाही. धाकटीने दोराचं मोकळं शेपूट धरलं आणि सगळ्यांच्या मागून ती एकटीच मन लावून ओढत राहिली.

तासाहून जास्त वेळ गेला. एरवी दहा मिनिटं एका जागी न टिकणारी ही मुलं तासभर दोर सोडेनात. का ते मला पाहता पाहता कळत गेलं. इथे त्यांना कुणी काही दाखवत नव्हतं. काम चाललं होतं आणि त्यात त्यांच्यापुरती जागा होती. मी त्यांना इतक्या ठिकाणी नेलं, बागा, प्राणीसंग्रहालयं, मॉलमधली खेळायची दालनं. सगळीकडे ती बघणारी होती.

जाळं वाळूवर आलं. बरीचशी तारली, थोडे बांगडे, एक खेकडा. मे संपत आला की मासे कमी, असं आजोबा म्हणाले. १ जूनपासून दोन महिने यंत्राच्या होड्या बंद राहतील, माशांच्या विणीचे दिवस. वाटे पडले, तेव्हा त्यांनी थोरल्याला दोन बांगडे दिले. मी नको म्हणायला पुढे झाले तर मलाच थांबवलं. "वडलंय नाय त्याना? मगे त्याचो वाटो."

घरापर्यंत दोन्ही बांगडे त्यानेच धरून आणले. काकींनी ते वेगळे तळले आणि त्याच्याच ताटात वाढले. त्याने एक धाकटीला दिला.

१४ मे

पाचला उठलो. घावणे डब्यात घेतले. पहिल्या होडीत जागा मिळाली, पाणी शांत, ऊन अजून कोवळं. जुन्या पातळ साडीचा तुकडा ओला करून धाकटीच्या डोक्याला बांधला.

दरवाजा दिसायच्या आधीच थोरल्याने बोट दाखवून ठेवलं होतं. "तिथे आहे. आता दिसेल." होडीतल्या दुसऱ्या कुटुंबातला एक मुलगा, याच्याच वयाचा, "कुठे, कुठे" करत होता. हा त्याला म्हणाला, "बुरुजाच्या मागे बघ."

आत गेल्यावर मला काही सांगावंच लागलं नाही. ठशापाशी त्याने धाकटीला उचलून धरलं, तिचा पंजा हवेत लावून पाहिला. झाड आलं तेव्हा "इथे तुला उलटी झाली होती" हेही सांगितलं. सरबतवाल्या बाईंनी ओळखलं. "बरां आसा मां चेडू?" आज पैसे घ्या म्हणून आग्रह केला तेव्हा घेतले.

शिवराजेश्वराच्या देवळात दोघंही गप्प झाली. राजाराम महाराजांनी बांधलेलं हे देऊळ, आणि इथली मूर्ती दाढी नसलेली. "दाढी का नाही?" असं थोरल्याने पुजाऱ्यांना विचारलं. ते हसले आणि प्रसादाची साखर हातावर ठेवली.

मग विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारही बाजूंनी समुद्र आणि मधे गोड पाणी. ही नावं धाकटीला एवढी आवडली की ती परतेपर्यंत म्हणत राहिली. थोरला कठड्यावरून वाकून किती तरी वेळ आत बघत होता. पाणी खारं का नाही, हे बाबाने सांगायला सुरुवात केली, की पावसाचं पाणी खडकात मुरतं, साठून राहतं. त्याने मधेच थांबवलं. "थांब बाबा, मी आधी विचार करतो."

आम्ही थांबलो. होडीची वेळ होत आली होती, तरी थांबलो.

१६ मे, परतीच्या गाडीत

कालचा दिवस देवबागला, कर्ली नदीच्या पाण्यात डुंबण्यात गेला. त्यावर जास्त काही लिहिण्यासारखं नाही, मजा आली.

आत्ता रत्नागिरी गेलं. येताना झोपेत राहून गेलेले बोगदे थोरल्याने कुडाळपासूनच मोजायला घेतले. रत्नागिरीच्या अलीकडचा पानवलचा पूल, ६४ मीटर उंच, त्याने उभं राहून पाहिला आणि वहीत त्याचं वेगळं चित्र काढलं. रेघा मारायचं काम त्याने आज धाकटीला दिलं आहे. ती बोगदा नसला तरी मारते, तो खोडतो.

करबुडे आला. डब्यात अंधारून आलं तशी धाकटीने माझा हात धरला. थोरला पलीकडून म्हणाला, "हा सगळ्यात मोठा आहे. रेघ लांब मार."