दगडाचा रंग नंतर बघा, आधी फिनिश ठरवा

घरासाठी दगड घ्यायचा म्हटलं की सगळे आधी रंगावर जातात, पांढरा की काळा, शिरा जास्त की कमी, आणि फिनिशचं, म्हणजे दगडाचा वरचा पृष्ठभाग कसा तयार करायचा ह्याचं, विचारलं तर "पॉलिशच द्या ना" एवढ्यात विषय संपतो. मला हे खरंच खटकतं. पायाला कसं लागणार, ओलं झाल्यावर पाय घसरणार का, डाग किती उठून दिसणार हे सगळं फिनिशवर असतं, आणि रंगही बराचसा त्याच्यावरच. काळा ग्रॅनाइट मिरर पॉलिशमध्ये काळाकुट्ट दिसतो आणि तोच दगड होन केला की राखाडीकडे झुकतो, कारण पृष्ठभाग गुळगुळीत नसला की उजेड सगळीकडे विखुरतो. होन म्हणजे काही वेगळी जादू नाही, घासायचे पॅड बारीक बारीक करत जातात, पॉलिशला शेवटपर्यंत जायचं आणि होनला चमक यायच्या आधी थांबायचं.

आता मार्बल. पॉलिश केलेल्या मार्बलवर लिंबाचा एक थेंब पडू द्या आणि थोड्या वेळाने पुसा, थेंबाच्या आकाराचा निस्तेज ठिपका राहतो, तिरक्या उजेडात तर लगेच दिसतो. लोक त्याला डाग समजून घासत बसतात, पण तो डाग नाहीच, मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आणि आम्लाने तो वरचा थर खाल्लेला असतो. सीलर लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका, सीलर तेल-पाणी आत मुरण्याचा वेग कमी करतो, ही रासायनिक क्रिया थांबवत नाही. म्हणून ओट्यावर मार्बल हवाच असेल तर माझं मत होन फिनिश, ठिपके तिथेही पडतात पण मुळात मॅट असल्यामुळे नजरेत कमी येतात. दारापाशी पण तेच, बाहेरून येणाऱ्या वाळूत क्वार्ट्झ असतो, त्याचा कठीणपणा मोह्सच्या १ ते १० मोजपट्टीवर ७, आणि मार्बलमधल्या कॅल्साइटचा (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) ३, मग चालायच्या वाटेवरची चमक जाणार नाही तर काय होणार.

बाथरूम, अंगण, बाहेरच्या पायऱ्या, म्हणजे जिथे पाणी येतं तिथे पॉलिश नकोच. ग्रॅनाइटला फ्लेम फिनिश करतात, म्हणजे वरून कडक ज्योत फिरवतात, प्रत्येक खनिज कमीजास्त फुगतं, त्यात क्वार्ट्झ तर ५७३ अंश सेल्सिअसच्या आसपास रचनाच बदलतो आणि एकदम फुगतो, मग वरचे कण तडतडून उडतात आणि खडबडीत पृष्ठभाग राहतो. पातळ स्लॅब, म्हणजे ब्लॉकमधून कापलेली दगडाची मोठी फरशी, ह्यात तडकू शकतो म्हणून जाड घ्यावा लागतो. मार्बलला हे नीट जमत नाही, त्याला सँडब्लास्ट (वाळूचा जोरदार मारा) किंवा बुश हॅमर (दातेरी हातोड्याने ठोकणं). आणि रोज अनवाणी वावरायच्या जागेत फ्लेम फिनिश पायाला टोचतं, शिवाय पुसताना फडकं अडकतं, तिथे लेदर फिनिश छान. हिऱ्याच्या कणांचे ब्रश फिरवून करतात, हात फिरवला की बारीक चढउतार लागतात, आणि गडद दगडावर बोटांचे ठसे फारसे दिसत नाहीत.

कटिंगकडे तर कोणी बघतच नाही. ट्रॅव्हर्टाइनचा एकच ब्लॉक थरांना आडवा छेद देत कापला की सरळ पट्टे मिळतात, त्याला व्हेन कट म्हणतात, आणि थरांना समांतर कापला की ढगांसारखे पसरट आकार येतात, तो क्रॉस कट. दोन्ही नमुने शेजारी ठेवले तर एकाच खाणीतले आहेत ह्यावर विश्वास बसणार नाही. म्हणून ऑर्डर देताना नुसतं दगडाचं नाव सांगून चालत नाही, कट पण लिहून घ्या.

बुकमॅच करायचं असेल, म्हणजे भिंतीवर शिरा आरशातल्यासारख्या जुळवायच्या असतील, तर ते आधीपासूनच ठरवावं लागतं. एकाच ब्लॉकमधले लागोपाठचे स्लॅब हवेत आणि एकाची पुढची बाजू तर दुसऱ्याची मागची बाजू पॉलिश झालेली हवी, सगळ्यांची एकाच बाजूने पॉलिश झाली असेल तर आरसा जमत नाही. स्लॅबवरचे नंबर क्रमाने आहेत ना बघा, कापायच्या आधी सगळे जमिनीवर शेजारी मांडून घ्या, फोटो काढा, आणि सॉकेट, नळ कुठे येणार ते त्या फोटोवरच खुणा करून कारागिराला द्या.