टोकाचा तुकडा

मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात मी हिस्टोपॅथॉलॉजी विभागात, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या विभागात, काम करते. गेल्या महिन्यात बालशल्यचिकित्सा विभागातून साडेतीन वर्षांच्या एका मुलाच्या गुदाशयाची पूर्ण जाडीची बायोप्सी आली. त्याला जन्मतः गुदद्वार नव्हते आणि मोठे आतडे मूत्रमार्गात उघडत होते. जन्माच्या दुसऱ्या दिवशी कोलोस्टॉमी (शौचासाठी पोटावर आतड्याचे तात्पुरते तोंड), पुढे शल्यचिकित्सक पेन्या यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने गुदद्वाराची रचना आणि शेवटी कोलोस्टॉमी बंद करणे, हे तिन्ही टप्पे व्यवस्थित पार पडले होते. तरीही एनिमाशिवाय त्याला शौचाला होत नव्हते.

जुन्या रजिस्टरात शोधले तेव्हा रचनेच्या शस्त्रक्रियेत छाटलेल्या, फिश्चुलाकडच्या (आतडे मूत्रमार्गाला जोडणाऱ्या वाटेकडच्या) टोकाची नोंद सापडली. दोन ओळींचा तो अहवाल माझाच होता. अस्तर, स्नायू, सूज यांचा उल्लेख त्यात होता. मज्जातंतूंबद्दल एक शब्दही नव्हता. कोणी विचारले नव्हते, म्हणून मी पाहिले नव्हते.

मी तो ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, काढवला. तुकडा आडवा बसवलेला असल्यामुळे स्नायूंचे थर तिरके कापले जात होते. आमच्या तंत्रज्ञांनी मेण वितळवून तो कडेवर उभा केला आणि चार मायक्रॉनचे सेक्शन (पातळ काप) इतक्या सफाईने कापले की पाण्यावर तरंगणाऱ्या रिबनमध्ये दोन्ही स्नायुथर नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत होते. मात्र तुकड्याचे वरचे टोक कोणते, हे ठरवायला माझा अर्धा दिवस गेला. ऑपरेशन थिएटरमध्ये वरच्या टोकाला एक रेशमी टाका बांधायला अर्धे मिनिटही लागत नाही. वर्षानुवर्षे सांगूनही तो बांधला जात नाही, याचा मला मनापासून राग येतो.

मज्जापेशी ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कॅलरेटिनिन चाचणीच्या तपकिरी रंगात दोन स्नायुथरांमध्ये गँग्लिऑन पेशींचे, म्हणजे आतड्याची हालचाल चालवणाऱ्या मज्जापेशींचे, पुंजके ठिकठिकाणी दिसायला हवे होते. संपूर्ण सेक्शनमध्ये मला तीन पेशी सापडल्या, त्याही विखुरलेल्या. वास्तविक गुदद्वाराजवळच्या शेवटच्या एक-दोन सेंटीमीटरमध्ये या पेशी निरोगी बाळातही विरळ असतात, त्यामुळे एवढ्यावर निष्कर्ष काढला नसता. पण त्याच्या बऱ्याच वरून घेतलेल्या नव्या बायोप्सीतही त्या कमीच होत्या.

आतड्यातील मज्जापेशी तेथे जन्मत नाहीत. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात न्यूरल क्रेस्टमधून (गर्भाच्या पाठीकडील पेशीपट्ट्यातून) निघालेल्या पेशी वरून खाली प्रवास करत सातव्या आठवड्याच्या सुमारास आतड्याच्या शेवटापर्यंत पोहोचतात. आतड्याच्या भिंतीत तयार होणारे जीडीएनएफ हे वाढघटक प्रथिन त्यांच्यावरील रेट या ग्राहीला चेतवते आणि त्यांना जगवत, वाढवत पुढे खेचते. 1996 मध्ये ज्या उंदरांमध्ये हे प्रथिन तयारच होऊ दिले नव्हते, त्यांच्या जठराखालच्या आतड्यात मज्जापेशी नव्हत्या आणि मूत्रपिंडेही नव्हती. या मुलाला एकच मूत्रपिंड आहे, आणि तेव्हापासून तो उंदीर माझ्या डोक्यातून जात नाही. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे मी जाणते. पण गुदद्वाराची घडण आणि मज्जापेशींचा हा प्रवास गर्भात एकाच काळात चालू असताना, एकात बिघाड झाला की दुसऱ्याकडे पाहायचेच नाही, ही आमची सवय मला आता पटत नाही.

अहवाल न्यायला मुलाची आई दिव्याहून सकाळच्या लोकलने आली होती. शस्त्रक्रियेनंतर घरी रोज डायलेटर (नवे गुदद्वार आकसू नये म्हणून वापरायची कांडी) घालण्याचे काम तिच्याकडे होते. तिने विचारले, "मॅडम, तो रडायचा म्हणून मी कधीकधी डायलेटर घातला नाही. त्यामुळे झालं का हे?" बाह्यरुग्ण विभागात तिला कोणीतरी तसे ऐकवले होते. इतक्या मोठ्या आजाराचा दोष इतक्या सहज आईच्या पदरात टाकणाऱ्यांनी एकदा तरी स्लाइड पाहायला खाली यावे.

मी रजिस्टर उघडून तिला तारीख दाखवली. "ताई, हा तुकडा ऑपरेशनच्याच दिवशी काढलेला आहे. डायलेटर त्यानंतर सुरू झाला. पेशी तेव्हाच कमी होत्या." तिने त्या तारखेखाली बोट ठेवून ती दोनदा वाचली आणि मोबाइलवर त्या नोंदीचा फोटो घेऊ का, असे विचारले. मी पान सरळ धरले.