नुसतो रस्सो तरी घे

मी मासे सोडले ते जपानमध्ये. मालवण तालुक्यातील आमच्या गावी हे सांगितले की ऐकणारा आधी माझ्याकडे पाहतो, मग समुद्राच्या दिशेने पाहतो आणि शेवटी आईकडे पाहून विचारतो, "ह्येका काय झाला?" त्यांचे चुकत नाही. बांगडा आणि तारली यांच्यावर वाढलेल्या माणसाने, जिथे सकाळच्या न्याहारीलाही भाजलेला मासा असतो अशा देशात जाऊन शाकाहारी व्हावे, याला तर्कशुद्ध स्पष्टीकरण नाही. ते माझ्यापाशीही नाही.

मी 2011 साली नोकरीसाठी टोकियोत आलो. भारतीय म्हणजे शाकाहारी, असे इथल्या पुष्कळ लोकांना वाटते, त्यामुळे पहिल्याच मेजवानीत माझ्यासाठी कोणीतरी काळजीपूर्वक काकडी आणि टोफू मागवले होते. ते बाजूला सारून मी कच्च्या माशाचे ताट पुढे ओढले आणि त्या क्षणी सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव उमटला, त्या भावावर मी पुढची सात वर्षे काढली. "हा सगळे खातो" ही इथे मोठी शिफारस असते. जन्माने शाकाहारी असलेले आमचे दोन-तीन भारतीय सहकारी प्रत्येक मेजवानीत उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा सोलत बसायचे आणि मी त्यांची गंमत करायचो. ते आता आठवले की ओशाळायला होते.

2018 च्या शरद ऋतूत आम्ही वाकायामा प्रांतातल्या कोया पर्वतावर दोन रात्री राहिलो. कूकाई या भिक्षूला 816 साली ही जागा मिळाली आणि तेव्हापासून तो शिंगोन बौद्ध पंथाचा मठ-प्रदेश आहे. तिथल्या 50 च्या आसपास मंदिरांत यात्रेकरूंच्या मुक्कामाची सोय होते. संध्याकाळी सहाच्या आत जेवण येते. बसक्या लाल तबकांत लहान-लहान वाट्या, त्यांत वाटलेले तीळ आणि कुझू नावाच्या कंदाचे सत्त्व शिजवून केलेला गोमादोफू, गोठवून वाळवलेला आणि पुन्हा रसात शिजवलेला कोयादोफू, डोंगरातल्या भाज्या, आळंबी, लोणचे आणि भात. या स्वयंपाकाला शोजिन र्योरी म्हणतात. त्यात मांस नसते, मासा नसतो आणि कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण मला वाटले, कारण दोन दिवसांत मला एकदाही माशाची आठवण झाली नाही. खाली उतरल्यावर ओसाकाच्या स्थानकावर नेहमीचा डबा घेतला आणि त्यातला मासा पत्नीला दिला. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. तिने विचारले, "बरे नाही का?" मी म्हणालो, "बरे आहे." तेवढ्यावर ते सुरू झाले.

पहिली अडचण शब्दाची. जपानीत मांसाला 'निकु' म्हणतात आणि "मी निकु खात नाही" असे सांगितल्यावर समोर मासा येतो, कारण मासा म्हणजे निकु नव्हे. कित्येकदा हॅमचे तुकडे घातलेले सॅलडही येते, कारण वाढणाऱ्याच्या मते एवढेसे हॅम हेही निकु नव्हे. या समजुतीची मुळे फार मागे जातात. सम्राट तेम्मू याने 675 साली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातल्या काही महिन्यांपुरते निषिद्ध ठरवले. त्या यादीत मासा नव्हता. पुढे कित्येक शतके अशी बंधने कमी-अधिक प्रमाणात येत-जात राहिली आणि 1872 मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याची बातमी जाहीर झाल्यावर मांसाला राजमान्यताच मिळाली. म्हणजे मांस वर्ज्य असण्याची कल्पना या समाजाला अपरिचित नाही, पण मासा वर्ज्य असण्याची कल्पना मठाच्या कुंपणाबाहेर फारशी कधी आलीच नाही.

दुसरी अडचण दिसत नाही, आणि तीच खरी. तिचे नाव दाशी. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा मूळ रस, आपल्याकडे वाटण असते तसा सगळ्याच्या खाली असणारा. टूनाच्या कुळातला कात्सुओ नावाचा मासा उकळून, धुरावर सुकवून आणि वरच्या प्रतीचा हवा असल्यास त्यावर बुरशी चढवून, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात, त्याचे रंध्याने काढल्यासारखे पातळ साल काढतात आणि ते कोम्बू या समुद्री शेवाळाबरोबर गरम पाण्यात घालून रस गाळून घेतात. मिसो सूपमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या सूपमध्ये, दाशी असते, सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, बुडवून खायच्या रसात असते, भाजी शिजवताना असते आणि वरून निष्पाप दिसणाऱ्या टोफूच्या खालीही असते. नात्तो या आंबवलेल्या सोयाबीनच्या डब्यातल्या चिमुकल्या पुडीतसुद्धा बहुधा तिचा अर्क असतो. आमच्याकडे भाजीत मूठभर सुका जवळा टाकतात, तेव्हा तो निदान डोळ्यांना दिसतो तरी.

भारतात 2001 पासून पाकिटावर हिरवा ठिपका आला आणि आपण त्याला इतके सरावलो की ती केवढी मोठी सोय आहे हे देश सोडल्याशिवाय कळत नाही. इथे तसे चिन्ह कायद्याने बंधनकारक नाही. बंधनकारक असते ती ॲलर्जीकारक पदार्थांची नोंद. 2023 मध्ये अक्रोडाची भर पडून ती यादी 8 पदार्थांची झाली, त्यात अंडे, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी आणि खेकडा आहेत, पण कात्सुओ नाही. त्यामुळे घटकांची बारीक अक्षरातली ओळ चित्रलिपीतून वाचावीच लागते. सुरुवातीचे तीन महिने मी दुकानात भाताच्या वड्यांसमोर भ्रमणध्वनी धरून भाषांतर करत उभा असायचो. आत उमे नावाचे खारवलेले आंबट फळ घातलेली वडी सुरक्षित असे मी गृहीत धरले होते, मग कळले की काही उमेमध्येही कात्सुओ मिसळलेला असतो. बटाट्याच्या वेफर्समध्ये कोंबडीचा अर्क आणि पावात डुकराची चरबी सापडल्यावर मी काही दिवस नुसत्या मिठाच्या भाताच्या वड्यांवर होतो.

पण पाकीट वाद घालत नाही, माणसे घालतात. इथल्या कार्यालयीन मेजवानीत प्रत्येकाने वेगळे मागवायचे नसते. दरडोई ठरावीक रक्कम भरायची, ताटे मधोमध येतात आणि सगळे त्यातून घेतात. हे जमवून आणण्यासाठी दर वेळी एकाला संयोजक नेमतात. त्याला आधी सांगितले नाही तर त्याचा अपमान होतो आणि सांगितले तर त्याला त्रास होतो, आणि दुसऱ्याला त्रास देणे हा इथे अपराधाच्या जवळ जाणारा प्रकार आहे. वर्षअखेरच्या मेजवानीआधी मी आमच्या तरुण संयोजकाला चाचरत सांगितले. त्याने आदराने विचारले, "धर्मामुळे का?" मी एक क्षण थांबलो आणि "हो" म्हणालो.

त्यानंतर जे झाले ते पाहून माझी मलाच लाज वाटली. त्याने उपाहारगृहाला दोनदा दूरध्वनी केला, माझ्यासाठी स्वतंत्र कढई मागितली आणि रसात मासा नसेल याची लेखी खात्री घेतली. माझ्यासमोर मांडलेले ते जेवण उत्तम होते, आणि घासागणिक प्रश्न येत होते. कोणता देव? तो केव्हापासून? आणि मग अगदी निरागसपणे, "पण गेल्या वर्षी तर आपण एकत्र कोंबडी खाल्ली होती, ते पाप झाले का? त्यात आमची चूक होती का?" माझ्या खोट्यामुळे ते सात वर्षांचा दोष स्वतःच्या माथी घेत होते. मला कबूल करावे लागले की धर्म वगैरे काही नाही, मी स्वतःच ठरवले आहे.

टेबल क्षणभर शांत झाले. मग समोरचा वयस्कर सहकारी, ज्याच्यावर माझा खरोखर जीव आहे, उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "म्हणजे मनाई नाही ना? मग थोडी दाशी चालत असेल!"

हे वाक्य मी पुढच्याच मे महिन्यात पुन्हा ऐकले, जवळजवळ सात हजार किलोमीटरवर आणि मालवणीत. आईने बांगड्याचे तिखले केले होते, तिरफळ घालून. मी नको म्हटल्यावर तिने आधी वार मोजला. सोमवार नव्हता, संकष्टी नव्हती, श्रावण तर दूरच होता. मग तिने माझ्या गळ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "माळ घातलंस काय रे?" वारकऱ्याने तुळशीची माळ घातली की मासमच्छी सुटते, हे आमच्या गावात सर्वांना ठाऊक आहे. आमच्या वाडीत तसे दोघे माळकरी आहेत आणि त्यांना कोणी कधी आग्रह करत नाही. मी नाही म्हणालो. मग डॉक्टरांनी सांगितले का? नाही. "मगे?" मी म्हणालो, "असेच, माझे मीच ठरवले." आईचा चेहरा लगेच सैल झाला. "मगे तुकडी ऱ्हवांदे," ती म्हणाली, "नुसतो रस्सो तरी घे."

या दोन वाक्यांवर मी नंतर पुष्कळ विचार केला. देवाने, वाराने, माळेने किंवा वैद्याने घातलेले बंधन दोन्हीकडे निमूट मान्य होते, कारण ते माझे नसते, वरून आलेले असते. मी स्वतः घेतलेला निर्णय मात्र सगळ्यांना घासाघीस करण्याजोगा वाटतो. त्याच सुट्टीत राखण होती. जागेच्या देवचाराला कोंबडा दिला जातो आणि त्याचा प्रसाद सगळ्या घराने तिथेच बसून खायचा असतो. मी वडे आणि भात घेतला. काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी प्रसादाचे पान माझ्यासमोर थोडा वेळ तसेच ठेवले आणि मग उचलले. टोकियोतल्या कोणत्याही मेजवानीपेक्षा तो थोडा वेळ मला जड गेला.

चुलत भावाने मात्र तोंडावर विचारले, "भट झालंस काय?" त्यात थट्टा होती आणि थट्टेच्या खाली आणखी काही होते, जे मला कळते. मुंबईत मासे खातो म्हणून भाड्याची जागा नाकारली गेल्याचा अनुभव आमच्या घरात आहे. म्हणून टोकियोत एका परिचित मराठी कुटुंबाने माझी बातमी ऐकून "सुटलात एकदाचे!" असे अभिनंदन केले, तेव्हा मला आईच्या रस्स्यापेक्षा त्या अभिनंदनाचा अधिक राग आला. मी कशातूनही सुटलेलो नाही. माझे आईवडील जे खातात त्यात सुटण्यासारखे काही नव्हते. पण हे समारंभात हातात वाटी धरून सांगता येत नाही, म्हणून हसून पुढे सरकलो.

स्वयंपाकघराचा प्रश्न, गंमत म्हणजे, सर्वांत आधी सुटला, आणि तोही रसायनशास्त्रामुळे. किकुनाए इकेदा या टोकियोच्या प्राध्यापकांनी 1908 मध्ये कोम्बूतून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला उमामी हे नाव दिले. कात्सुओची चव वेगळ्या द्रव्याची आहे आणि ही दोन द्रव्ये एकत्र आली की चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. म्हणून नुसत्या कोम्बूचा रस मिळमिळीत लागतो. पण सुकवलेल्या शिइताके आळंबीतही असाच गुणाकार करणारे तिसरे द्रव्य आहे. भिक्षूंना ते प्रयोगशाळेशिवाय कळले होते. लिटरभर थंड पाण्यात बोटभर लांबीचा कोम्बूचा तुकडा आणि तीन-चार सुक्या शिइताके रात्रभर शीतकपाटात ठेवल्या की सकाळी आठवडाभराची मिसो सूप निघतील असा रस तयार असतो. तो मी एकदा कुळथाच्या पिठीत घालून पाहिला. तो प्रयोग पुन्हा करणार नाही.

डाळी, मोहरी, हिंग हे निशी-कासाईत मिळते. एडोगावा विभागातला हा भाग भारतीयांची वस्ती म्हणूनच ओळखला जातो. बाहेर खायचे तर टोकियो स्थानकात, तिकिटाच्या फाटकाच्या आत, पूर्णपणे वनस्पतिजन्य रामेन, म्हणजे रशातल्या शेवया, देणारे टीज तानतान आहे आणि कोको इचिबानया या जपानी करी-भाताच्या दुकानांच्या साखळीतल्या बऱ्याच शाखांत प्राणिजन्य पदार्थ नसलेला रस मागून मिळतो. या दोन ठिकाणांवर मी किती वेळा विसंबलो याची गणती नाही. दूध-दही मी घेतो, अंडे घेत नाही. दुसऱ्या वर्षी रक्तात बी-12 कमी भरले, तेव्हापासून गोळी सुरू आहे. जो कोणी हे नव्याने करत असेल त्याने ही तपासणी वेळेवर करावी. कार्यालयाच्या वार्षिक आरोग्य तपासणीत ती आपोआप होईल या भ्रमात मी होतो.

त्या तरुण संयोजकाची आता बदली झाली आहे. जाताना त्याने पुढच्याला दिलेल्या टिपणात माझ्या नावासमोर तीन ओळी होत्या, शेवटची अशी: "धर्म नाही, पण दाशीही नाही." इतके नेमके वर्णन मला स्वतःला जमले नसते.

घरी पत्नी आणि मुलगी मासे खातात. शनिवारी बाजारात जाऊन मासा निवडण्याचे काम मात्र अजून माझ्याकडेच आहे, कारण त्या दोघींना त्यातले कळत नाही आणि मला कळते. साबा, म्हणजे आपल्या बांगड्याचा इथला भाऊबंद, मी अजूनही कल्ले उघडून पाहिल्याशिवाय घेत नाही. घरी आणून साफही मीच करतो. संध्याकाळी आईचा दूरध्वनी येतो. मी काय जेवलो हे ती आता विचारत नाही. "बांगडो ताजो होतो मां?" एवढेच विचारते, आणि मी डोळे कसे होते, कल्ले किती लाल होते, ते सगळे तिला सविस्तर सांगतो.