आयुक्तालय की जिल्हा? पहिल्या नेमणुकीचा माझा अनुभव

नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत आम्हा प्रशिक्षणार्थी उपनिरीक्षकांच्या दीक्षान्त संचलनाची तालीम सुरू झाली आणि मेसमध्ये एकच विषय उरला: घटक, म्हणजे नेमणुकीचं शहर किंवा जिल्हा, कुठला मागायचा? मुंबई, ठाणे, पुण्यासारखं आयुक्तालय की एसपी (पोलीस अधीक्षक) साहेबांच्या हाताखालचा जिल्हा? मागितलं ते मिळेलच याची खात्री नसते, शेवटी रिक्त जागा बघूनच वाटप होतं. तरी पहिल्या रकान्यात काय लिहायचं यावर रात्ररात्र खल चालायचा.

बहुतेकांचा हिशोब राहण्या-खाण्याचा होता. शहरात घरभाडे भत्ता जास्त, दवाखाने जवळ, पुढच्या परीक्षांसाठी क्लास जवळ. माझ्या आईचं म्हणणं वेगळंच: मुलीची जात, आडगावात एकटी कशी राहणार! बाबा गप्प होते, म्हणजे त्यांनाही तेच वाटत होतं.

मी मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं कलम २२न वाचून काढलं. उपनिरीक्षकाचा सर्वसाधारण कार्यकाळ एका ठाण्यात २ वर्षं, जिल्ह्यात ४ आणि परिक्षेत्रात (काही जिल्ह्यांचा मिळून एक गट) ८. आयुक्तालयात मात्र ६, आणि मुंबईत तर ८. मुदतीआधी बदल्या होतात हे कोणाला सांगायला नको, पण कागदावर तरी शहर तुम्हाला जास्त काळ धरून ठेवतं. उमेदीची वर्षं एकाच साच्यात काढायची नव्हती. मी जिल्हा लिहिला आणि जिल्हाच मिळाला. ठाणं डोंगराळ तालुक्यातलं.

शहरातल्या ठाण्यात कामाच्या वाटण्या असतात. गुन्हे प्रकटीकरण पथक वेगळं, गोपनीय माहिती काढणारं वेगळं, दिवसपाळी-रात्रपाळीचे अधिकारी वेगळे. माझा एक बॅचमेट कितीतरी महिने मोबाईल चोरी, ऑनलाइन फसवणूक आणि बंदोबस्त यांतच अडकला होता. सायबरचा तपास तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगला शिकला, हे मान्य. माझ्याकडे मात्र एकाच आठवड्यात विहिरीतला अकस्मात मृत्यू, बांधावरची मारामारी आणि यात्रेचा बंदोबस्त, सगळं यायचं. ठाण्याची चालू स्थितीतली गाडी एकच. ती ११२ च्या कॉलला घाटाखाली गेली की मी पोलीस पाटलांना फोन लावून बसायची. गाडी पोहोचेपर्यंत भांडण थोपवून धरणारा माणूस तोच.

माझ्या कामाला खरं वळण दिलं ते पोक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम २४ ने. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि तोही गणवेश न घालता. शहरात अशा अधिकारी एकापेक्षा जास्त असतात. इथे मी एकटी, त्यामुळे शेजारच्या ठाण्यांचेही जबाब माझ्याच वाट्याला आले. पहिल्या जबाबाला वाडीवर गेले तेव्हा साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होते. घराबाहेर अर्धी वाडी गोळा झालेली. आमच्या सहायक फौजदारांनी माणसांना पारावर नेलं आणि पीकपाण्याच्या गप्पांत अडकवून ठेवलं. तोवर मुलगी माझ्याशी फक्त शेळीच्या करडांबद्दल बोलत होती. मीही तेच बोलत राहिले. लिहायला घेतलं ते बऱ्याच वेळाने, तिच्याच शब्दांत. परतताना फौजदार एवढंच म्हणाले, "मॅडम, घाई केली नाहीत ते बरं झालं." हे काम अकादमीतल्या तासाला शिकून येत नाही.

आता ग्रामीणचा जाच. आयुक्तालयात प्रतिबंधक कारवाईचे, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच माणसाला आवर घालण्याचे, प्रस्ताव पोलीस खात्यातल्याच एसीपींसमोर (सहायक पोलीस आयुक्तांसमोर) चालतात. आम्ही तोच कागद तहसीलदारांकडे पाठवतो, आणि तहसीलदार साहेब दौऱ्यावर असले की सामनेवाले, म्हणजे ज्यांच्यावर कारवाई करायची ते, आरामात हिंडतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. नियम चांगलाच आहे, पण दरीत रेंज नसते आणि पंच, म्हणजे झडतीचे साक्षीदार, मजुरी बुडते म्हणून काढता पाय घेतात. क्वार्टरचं छत गळतं. साप्ताहिक सुट्टी असते, कागदावर. आणि गावात तुम्हाला खासगी आयुष्य नसतं. मी बाजारात कोणाशी बोलले ते संध्याकाळपर्यंत तीन गावांना कळलेलं असतं.

तरी आज पुन्हा लिहायचं झालं तर मी जिल्हाच लिहीन. कारण गावाचं प्रेम वगैरे नाही. गुन्हा दाखल करण्यापासून दोषारोपपत्रापर्यंतचा कागद इथे माझ्याच हातून गेला, आणि कोर्टात उलटतपासणीला उभं राहिल्यावर त्याचा उपयोग झाला. इथला कार्यकाळ संपला की मात्र आयुक्तालयातलं सायबर ठाणं मागणार आहे. ती बाजू माझी अजून कच्ची आहे.

नव्या बॅचच्या मुली फोन करून विचारतात, "ताई, काय लिहू?" मी त्यांना आधी त्या घटकात चौकशी करायला सांगते. ठाण्यात मंजूर अधिकारी किती आणि प्रत्यक्ष हजर किती? सोबत दुसरी महिला अधिकारी आहे का? तपासाचे कागद तयार करायला मुरलेला हवालदार मिळणार का? आणि महिलांसाठी स्वच्छतागृह आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका.