काळ्यावर गुलाबी

ठाण्यात वागळे इस्टेटला माझं टू-व्हीलर पेंटिंगचं गॅरेज आहे, बावीस वर्षं हेच करतोय. मागच्या महिन्यात एक गृहस्थ काळी रॉयल एनफील्ड क्लासिक 350 मोटरसायकल घेऊन आले, म्हणाले मुलीची आहे, वाढदिवसाला गुलाबी करून द्यायचीय, तिला सांगितलेलं नाही. गुलाबीच का, तर लांबून कळलं पाहिजे मुलगी चालवतेय, मग लोक जरा जपून चालवतात. मला पटलं. दोन मुलींचा बाप आहे मी पण.

काळ्यावर थेट गुलाबी मारला की तो मळका दिसतो. पेट्रोल काढून टाकी उतरवायची, वॉटर पेपरने जुना क्लियर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, घासायचा, पोचे असतील तिथे लांबी म्हणजे पुट्टी भरायची, मग सरफेसर म्हणजे रंगाखालचा अस्तर, त्यावर पांढरा बेस, मग गुलाबी, मग चमकीचा पर्ल आणि शेवटी क्लियर. त्यात पाऊस, हवा दमट असली की क्लियर दुधाळ पडतो म्हणून दोन दिवस नुसता उन्हाची वाट बघत बसलो. पण काम असं उतरलं की उन्हात टाकी फिरवली की कडेला चांदीची झाक यायची. गॅरेजमधली पोरं 'लेडीज बुलेट' म्हणून हसत होती, त्यांना झापलं. आता पोरांना तरी काय बोलायचं, 2001 ला पल्सर बाइक आली तीच 'डेफिनेटली मेल' अशी जाहिरात करत आली, हे ऐकतच मोठी झाली ती.

डिलिव्हरीला बापलेक दोघं आले. मुलगी गाडी बघून गप्पच झाली. टाकीवरून हात फिरवला, "काका, काम मस्त झालंय" म्हणाली, आणि वडील आत बिल द्यायला गेले तेव्हा हळूच बोलली. आधी तिच्याकडे गुलाबी स्कूटी होती. रात्री कामावरून येताना तीन हात नाक्यापासून दोघं मागे लागले ते पार कापूरबावडीपर्यंत, कधी कट मारायचे, कधी बाजूला येऊन काहीबाही बोलायचे. म्हणून तिने ती विकून 195 किलोची गाडी घेतली, काळी, वर फुल फेस हेल्मेट आणि जॅकेट. दोन वर्षं कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही म्हणे, कारण सगळ्यांना वाटायचं मुलगा चाललाय. वडिलांना यातलं काहीच माहीत नाही, सांगितलं तर गाडीच बंद करतील.

मी म्हटलं मी परत काळी करून देतो, पैसे नको, आणि पप्पांना सांगतो की आरसीवर काळाच रंग आहे, आरटीओत बदल करून घ्यायची कटकट कशाला. खोटं पण नव्हतं ते. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "नको काका, त्यांनी किती हौसेने केलंय बघा ना. मीच बोलते त्यांच्याशी."

तेवढ्यात वडील आले, तिचा गाडीबरोबर फोटो काढला, ती छान हसली पण फोटोत. मग हेल्मेट घालून निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत गाड्यांच्या गर्दीतसुद्धा ती टाकी मला स्पष्ट दिसत होती.

आठ दिवस झाले, फोन नाही. काळा रंग आणि हार्डनर आणून ठेवलाय. वडिलांचा नंबर आहे माझ्याकडे, दोनदा काढला आणि परत ठेवून दिला.