वज्रेश्वरीच्या वाटेवर रक्तबीज

दहिसर मागे पडलं तरी पुढच्या टेम्पोवरचा डीजे काही थांबेना. दादरहून वज्रेश्वरीला निघालेली नवरात्रातली पदयात्रा, चालताचालता सप्तशतीचे, म्हणजे देवीने दैत्य मारल्याच्या पोथीचे, १३ अध्याय म्हणायचे असं ठरलेलं. पण स्पीकर ढणाणला की शब्द हरवतात, आणि अध्याय मध्ये तुटला तर पुन्हा पहिल्या श्लोकापासून धरावा लागतो. संताप येतो अगदी.

मधु-कैटभ या दोन दैत्यांचा पहिला अध्याय हायवेवरच झाला. विष्णूशी ५००० वर्षं बाहुयुद्ध करून दैत्य मातले, महामायेच्या मोहात त्यालाच वर देऊन बसले. पृथ्वी पाण्याखाली नाही तिथे मार म्हणाले, विष्णूने मांडीवर घेऊन चक्राने शिरं उडवली.

पोथीचे तीन भाग, त्यांना चरित्रं म्हणतात. मधलं, महिषासुराचं चरित्र मात्र घाईने म्हणू नये. तिन्हींपैकी एकच म्हणायचं तर हेच, असा नियम आहे. देवांच्या तेजातून देवी प्रकटते: शंकराच्या तेजाचं मुख, यमाच्या तेजाचे केस, विष्णूच्या तेजाचे बाहू. मग आयुधं येतात. अग्नीची शक्ती म्हणजे भाला, वायूचं धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते, इंद्राचं वज्र आणि ऐरावताची घंटा, हिमालयाचा सिंह. चिक्षुर, चामर हे सेनापती पडल्यावर महिष स्वतः येतो. त्याच्यावर पाश पडताच तो सिंह होतो. सिंहाचं शिर उडवावं तर खड्ग-ढाल घेतलेला पुरुष, मग हत्ती, सोंड कापली की पुन्हा रेडा. शेवटी देवी उडी घेऊन त्याचा गळा पायाखाली दाबते, शूळ मारते. रेड्याच्या मुखातून तो अर्धाच बाहेर येतो, तेवढ्यात तलवारीने शिर तुटतं. रूप बदलायच्या त्या क्षणीच तो सापडतो. लोक नुसतं 'महिषासुर मारला' म्हणतात आणि हे सगळं निसटतं.

वर्सोवा पुलाच्या पुढे डांबर तापलं होतं. मी अनवाणी, डाव्या चवड्याला पाण्याचा फोड. आठवा अध्याय तोंडात होता, थांबवत नव्हता. पत्र्याच्या शेडमधला एक पंक्चरवाला ट्यूब टबात बुडवून बुडबुडे बघत होता. मला लंगडताना पाहून त्याने ट्यूब टाकली, गोणपाट भिजवून सावलीत अंथरलं. "ताई, बसा. वाचणं थांबवू नका, पाय इकडे द्या." हात साबणाने दोनदा धुतले. सुई ज्योतीवर लाल करून गार होऊ दिली, फोडाच्या कडेला खालून टोचली, पाणी हलके दाबून काढलं. वरची कातडी मुळीच सोलली नाही. ती गेली की आतलं मांस उघडं पडतं, धूळ जाते, पू होतो. धुतलेल्या कापडाची पट्टी बांधली.

आणि मी रक्तबीजाचंच म्हणत होते. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्याच्याच बळाचा दुसरा उभा राहतो. देवांच्या शक्ती देवीरूपाने लढायला आलेल्या, त्या मातृका. ऐंद्रीने वज्र मारलं, वैष्णवीने चक्र मारलं, तेवढे रक्तबीज वाढले; मातृका जितक्या शौर्याने लढतात तितकी शत्रूची सेना फुगते. देव घाबरतात. मग चंडिका, म्हणजे देवी, चामुंडेला, म्हणजे कालीला सांगते: तोंड पसर, थेंब खाली पडू देऊ नकोस, जन्मलेल्यांनाही खा. जमीन मिळाली नाही, की रक्तबीज संपला. अध्याय पुरा झाला तेव्हा ते गृहस्थ हात जोडून उभे होते. पैसे घेतले नाहीत.

शिरसाड फाट्याला वळलो, पारोळ झालं. कुठल्या दिवशी कुठे जेवलो ते आठवत नाही. रात्री पायांच्या जागेवरून दोघींत भांडण झालं, पहाटे आरतीला त्याच शेजारी उभ्या होत्या.

१७३९च्या वसई मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी बांधवलेलं देऊळ, ५२ पायऱ्या, दर्शन. तिथली कथा मला फार प्रिय आहे. कलिकाल दैत्याच्या त्रासापायी वसिष्ठांनी यज्ञ मांडला, इंद्राला आहुती मिळाली नाही म्हणून त्याने रागाने वज्र फेकलं. देवीने ते गिळलं, मग दैत्य मारले. देवाचा रागही तिनेच पोटात घेतला.

खाली अकलोलीची गरम कुंडं. मारलेल्या दैत्यांचं रक्त म्हणून पाणी ऊन, असं गावात सांगतात. बायका पाय सोडून बसल्या होत्या. फोड फुटलेला पाय मात्र त्या पाण्यात घालायचा नाही; पट्टी भिजते आणि जखम चिघळते. मी काठावर बसून उरलेले पाच अध्याय पुरे केले.